तिसऱ्या रांगेतून दिसायला हवं

संध्याकाळी सहाला ल्युबिंका खुर्चीत बसते,
केस वर बांधते, मान माझ्या हवाली करते.
मी डबीतला लाल रंग काडीवर घेते
आणि कानाच्या पाळीखाली चार बोटं मोजून
दोन ठिपके देते.
बाहेर डॅन्यूबवर धुकं, आत रॉकेलचा वास,
नव्वद खुर्च्या, त्यातल्या अकरा मोडक्या.

आज तिनं विचारलं, "द्रागिन्या, मानच का?
मनगट आहे, दंड आहे, पोटरी आहे.
डास बघ कसा, मिळेल तिथं बसतो."

मी म्हटलं, हलू नकोस, रंग ओघळेल.

खरं सांगायचं तर आमच्या डोंगरात
मेलेला माणूस मानेला शिवतही नसे.
तो यायचा आणि छातीवर बसायचा,
मक्याच्या पोत्यासारखा.
चर्चची घंटा वाजवणारा ग्वोझ्देन सांगे,
त्याच्या थोरल्या भावाच्या बरगडीवर
सकाळी निळा डाग निघाला, बशीएवढा,
आणि आठव्या दिवशी भाऊही गेला.
दातांचं नाव कुणी काढलं नाही.
मग गावानं थडगं उकरलं, काटेरी ग्लोगचा खुंट ठोकला,
पाद्री पाठ फिरवून उभा राहिला
आणि परतताना सगळ्यांनी नदीत हात धुतले.

मान शहरातून आली.
शहरात तिकीट असतं, पडदा असतो, दिवे असतात.
अंधारात छातीवर बसलेलं मढं
मागच्या बाकांना काय दिसणार?
आणि बाईची छाती उघडी टाकली तर पोलीस येतात.
मान चालते.
मान म्हणजे कायद्यात बसणारी नग्नता.
म्हणून मॅनेजरनं मला पहिल्याच दिवशी बजावलं,
ठिपके मोठे काढ,
तिसऱ्या रांगेतून दिसायला हवेत.

पण हेही सगळं खरं नाही, ल्युबिंका.

माझे वडील न्हावी होते.
सावकार, फौजदार, तो पाद्रीसुद्धा,
ज्यांनी जन्मात कुणापुढे मान तुकवली नाही
ते सगळे शनिवारी त्यांच्या खुर्चीत
मान मागे टाकून डोळे मिटायचे.
वस्तरा जायचा त्या वाटेवर
कातडीखाली काहीतरी टुकटुक करायचं,
घरट्यातल्या पिल्लासारखं.
वडील म्हणायचे, जीव कुठे असतो विचारशील
तर इथे, बोटाच्या एका पेराखाली.
बाकी सगळा माणूस म्हणजे नुसती बांधणी.

आणि आपली मान आपल्याला दिसत नाही.
पायाला साप डसला तर पाय दिसतो,
लाथ तरी झाडता येते.
मानेपाशी येणारा
तोंड लपवूनच येतो.
मिठी मारणारा असो
की नुसता मारणारा,
सुरुवात सारखीच.

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
बावीस वर्षांची आहे.
तिला वाटलं, मी भिववतेय.

वितोमीरचं मी तिला सांगितलं नाही.
खाणीतून रात्री दोनला यायचा, जानेवारीत,
बूट दाराशी, आणि न बोलता
बर्फासारखं नाक माझ्या मानगुटीत खुपसायचा.
मी किंचाळायचे, त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे.
सहा वर्षं झाली खाण ढासळून.
तेवढीच जागा अजून गार लागते.

जुनी माणसं सांगत,
मेलेला आधी आपल्याच घरी येतो,
परक्याचं दार त्यानंतर.
शेजारीण दर हिवाळ्यात म्हणते, चौकटीला लसूण बांध.
बांधते, म्हणते मी,
आणि सगळा लसूण रश्शात घालते.

तिसरी घंटा झाली. ल्युबिंका गेली.
मी काडी धुतली, डबी बंद केली.
बोटाला लाल राहिलंच थोडं.
रुमाल सापडेना,
कॉलरलाच पुसलं.